काटेरी गोळ्यांचा पावसाळा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडकडे, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. सांगलीचीही तीच तऱ्हा. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल भिजून चिंब झालेलं असतं, तेव्हा जत-आटपाडीकडे लोक अजून ढगांकडे बघत असतात.

या दोन जिल्ह्यांत घरच्या गच्चीवर, सज्जात किंवा परसात गोल कॅक्टस जमवायचे म्हटलं की सगळ्यात आधी हा भूगोल समजून घ्यावा लागतो. कारण कॅक्टसबद्दल जी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तीच इथे उपयोगाची नाही. ‘त्याला काय, पाणी घातलं नाही तरी चालतं’ असं म्हणत लोक नर्सरीतून दोन-चार कुंड्या आणतात, उन्हाळाभर त्या छान टिकतात आणि ऑगस्टमध्ये एक दिवस बोट लावलं की झाड बुडातून पिचकतं. तहानेने मेलेला कॅक्टस इथे क्वचित दिसतो. मरतात ते भिजून.

त्यामुळे मुरलेल्या संग्राहकाचं वर्ष जूनपासून सुरू होतं. मृग लागायच्या आत गच्चीवर लोखंडी पाइपांची किंवा बांबूची चौकट उभी राहते, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणला जातो आणि चारही बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवल्या जातात. तासगाव-पलूसच्या पट्ट्यात हे कोणाला नव्याने शिकवावं लागत नाही. द्राक्षबागांवरचं प्लॅस्टिकचं आच्छादन तिथे लोकांनी पाहिलेलं आहे, आणि पानं ओली राहिली की केवडा रोग कसा पसरतो हेही घरोघरी ठाऊक आहे. कॅक्टसला केवड्याची भीती नाही, पण तत्त्व एकच: वरून पाणी नको, आतली हवा कोंडायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ या साली कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. वरच्या मजल्यावरच्या कुंड्या पुरातून सुटतात, पण त्या आठवड्यांतल्या दमट हवेतून सुटत नाहीत. सलग पंधरा दिवस सूर्य दिसला नाही तर कोरड्या मातीतला गोळाही कुजू शकतो.

काटे सगळ्यांनाच असतात

आपल्याकडे काटेरी आणि मांसल दिसलं की ते निवडुंग. बांधावरचा त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर आणि फड्या निवडुंग हे बोलताना एकाच घरातले होऊन जातात. प्रत्यक्षात पहिले दोन युफोर्बियाच्या कुळातले, खरचटलं की पांढरा चीक सोडणारे. तिसरा खरा कॅक्टस, आणि तो इथला नाही. कॅक्टसच्या सुमारे दीड हजार जाती झाडून सगळ्या अमेरिका खंडांतल्या आहेत. ऱ्हिप्सॅलिस नावाची एक लोंबती जात तेवढी आपणहून आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत पोचली.

ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे खोडावर कुठूनही फुटत नाहीत. लोकरीसारखा एक छोटा ठिपका असतो, त्याला एरिओल म्हणतात. काटे त्याच्यातूनच येतात आणि बहुतेक जातींत कळीही तिथूनच किंवा त्याच्या लगतून निघते. भिंग धरून मॅमिलारियाचा एक उंचवटा पाहिला तर टोकावर काट्यांची चांदणी दिसते आणि दोन उंचवट्यांच्या बेचक्यात लोकर. फुलांचं कडं त्या बेचक्यांतून उमलतं, म्हणून ते गोळ्याच्या माथ्याभोवती मुकुट घातल्यासारखं गोल बसतं.

फड्या निवडुंगाची कथा या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणीला लागून आहे. परदेशातून आलेलं हे झुडूप गावकुसाबाहेर, पडीक रानात इतकं माजलं होतं की त्याला आवरणं माणसाच्या हाताबाहेर गेलं. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील जातीचा एक किडा भारतात आणून सोडला गेला. कापसाच्या बोंड्यासारखा दिसणारा, चिरडला की लालभडक रंग सोडणारा हा किडा फड्याच्या रसावरच जगतो. पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातली फड्याची मैलोन् मैल रानं त्याने भुईसपाट केली. एका कॅक्टसचा असा नायनाट झालेल्या प्रदेशात दुसऱ्या कॅक्टसांना आज कुंडीत जपलं जातं, आणि त्या कुंड्यांचा मोठा शत्रू कोचिनीलचाच चुलतभाऊ आहे: पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यांचा तो जुना वैरी. कॅक्टसवर तो काट्यांच्या बुडाशी लपतो, आणि त्याची एक जात मुळांवरच राहते. झाड वर्षभर वाढलं नाही, काही केल्या हललंच नाही, तर कुंडी उपडी करून मुळांवर पांढरी भुकटी दिसते का ते पाहावं.

रात्रीचा कारभार

बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. कॅक्टस ती रात्री उघडतो. रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं लावून घ्यायची आणि उन्हाच्या बळावर त्या साठ्यातून अन्न करायचं. पाणी वाचवण्याची ही युक्ती आहे, पण तिला एक अट आहे. रात्र गार पाहिजे.

इथेच सातारा आणि सांगलीचा फरक पडतो. माण-खटावच्या उघड्या माळावर दिवस कितीही तापला तरी रात्री हवा उतरते. सांगली-मिरजेच्या दाट वस्तीत, सिमेंटच्या गच्चीवर, एप्रिल-मेच्या रात्री भिंती मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात. झाड मग दिवसाही बंद आणि रात्रीही जवळपास बंद. ते मरत नाही, थांबतं. अशा थांबलेल्या झाडाला ‘सुकलं बिचारं’ म्हणून भरपूर पाणी पाजणं ही उन्हाळ्यातली नेहमीची चूक. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून फरशी निववणं झाडाला जास्त मानवतं.

दुसरा नाजूक काळ ऑक्टोबरचा. चार महिने ढगाखाली आणि प्लॅस्टिकखाली काढलेल्या झाडाची साल कोवळी झालेली असते. परतीचा पाऊस गेला, आभाळ धुतलं गेलं, आणि हौसेने कुंड्या उघड्यावर आणल्या की दोन दिवसांत दक्षिण-पश्चिमेकडच्या बाजूवर पांढुरका-पिवळा चट्टा पडतो. तो डाग आयुष्यभर जात नाही. द्राक्षबागेत गोडी छाटणीची घाई चाललेली असते त्याच दिवसांत गच्चीवर हिरवं शेडनेट आठवडा-आठवड्याने थोडं थोडं मागे सारायचं असतं.

इथे कोण रमतं

नव्याने सुरुवात करणाऱ्याला सगळेच गोळे सारखे वाटतात आणि तो रंग पाहून घेतो. त्याने आधी झाडाचं मूळ गाव विचारावं. बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या उंच अँडीजमधले रेब्युशिया फुलांनी वेड लावतात, पण त्यांना कडक थंडीचा हिवाळा हवा. सांगलीच्या गच्चीवर ते दोन उन्हाळे काढतात, तिसऱ्यात जातात. महाबळेश्वरला थंडी आहे, पण पावसाचं काय करणार?

जिम्नोकॅलिशियम मात्र या हवेला आपलं मानतो. अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वेच्या गवताळ भागांत तो गवताच्या आणि झुडपांच्या आडोशाला वाढतो. थोडी सावली, थोडा दमटपणा त्याला खपतो. सकाळचं ऊन येणाऱ्या सज्जात तो खुशाल राहतो. त्याची कळी जवळून पाहण्यासारखी असते. इतर गोळ्यांच्या कळ्यांवर केस किंवा काटे असतात, हिची नळी मात्र साफ गुळगुळीत, एकावर एक बसवलेल्या खवल्यांची. फूल एकदा उमललं की दिवसा उघडत, रात्री मिटत बरेच दिवस टिकतं.

परसातल्या जुन्या कुंडीत, कोणी कधी लावला हे घरात कोणालाच आठवत नाही असा जो गोळा असतो, तो बहुधा एकिनॉप्सिस. बुडाशी पिल्लांचा घोळका. उन्हाळ्यात अंगावर राखाडी केसाळ कोंब दिसतो आणि कित्येक दिवस तसाच राहतो. मग एकाएकी तो वीतभर लांब होतो, एका संध्याकाळी दिवेलागणीला सुटतो आणि पांढरं किंवा फिकट गुलाबी फूल रात्रभर सुगंध सोडत राहतं. हे सगळं निशाचर पतंगांसाठी असतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नळी लोंबायला लागते. अख्ख्या आळीने गच्चीवर जमून पाहावं असं हे फूल आहे, आणि ते पाहायला दुर्मीळ झाड विकत आणावं लागत नाही.

उष्ण आणि कोरड्या पूर्व तालुक्यांसाठी खरी मिजास मेलोकॅक्टसची. कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलकडचं हे झाड. पहिली काही वर्षं तो साधा हिरवा, धारदार कड्यांचा गोळा असतो. वयात आला की माथ्यावर पांढऱ्या लोकरीची आणि लालसर राठ केसांची टोपी चढायला लागते, आणि त्या दिवसापासून हिरव्या अंगाची वाढ जवळपास थांबते. पुढे वाढते ती टोपीच. दुपार कलली की टोपीतून इवलीशी गडद गुलाबी फुलं डोकावतात. काही आठवड्यांनी त्याच लोकरीतून गुलाबी, मिरचीच्या आकाराची फळं बाहेर ढकलली जातात. थंडीला तो हळवा आहे आणि मुळं पार कोरडी पडलेली त्याला सोसत नाहीत, म्हणून बाकीच्यांना हिवाळ्यात कोरडं ठेवताना याला घोटभर पाणी चालू ठेवावं लागतं.

पिंपाच्या आकाराच्या फेरोकॅक्टसचं आकर्षण काट्यांत आहे. लॅटिस्पायनस जातीचा मधला काटा चपटा, रुंद, टोकाशी वाकलेला आणि कोवळेपणी लालभडक. त्याच्या एरिओलमध्ये मधाच्या ग्रंथी असतात, फुलाशिवायही गोड थेंब सोडणाऱ्या. मूळ प्रदेशात हा मुंग्यांना दिलेला पगार. मुंग्या झाडाची राखण करतात. सांगलीच्या दमट ऑगस्टमध्ये त्याच गोड थेंबांवर काळी बुरशी चढते आणि देखणे काटे काजळी धरल्यासारखे दिसतात. कोरड्या हवेत त्याला पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतात आणि लगेच वाऱ्याला ठेवतात.

आणि ॲस्ट्रोफायटम. यातल्या ॲस्टेरियास जातीला काटाच नाही. चपटा, आठ फाकांचा, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. जपानी बागवानांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत ते ठिपके इतके दाट केले की काही झाडं जवळजवळ पांढरी दिसतात. संग्राहक ज्याच्यासाठी रांगेत उभे राहतात ते हे झाड. त्याच्या मांसल मुळाला जरा जास्त ओल लागली की संपलं.

मुरूम, कच आणि बोअरचं पाणी

कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं असेल, कॅक्टसला ती विष आहे. ओली झाली की चिकटते, सुकली की दगड होते, आणि दोन्ही वेळा मुळांना हवा मिळत नाही. नर्सरीतून येणारी रोपं बहुधा कोकोपीटमध्ये असतात. तेही पावसाळ्यात पाणी धरून बसतं, आणि उन्हाळ्यात एकदा खडखडीत वाळलं की पाणी आत घेईनासं होतं. म्हणून रोप घरी आणल्यावर पहिलं काम मुळं मोकळी करून मिश्रण बदलण्याचं.

त्यासाठी लांब जावं लागत नाही. माण-खटावचा मुरूम चाळून त्यातली धूळ काढायची, बांधकामावरच्या कचमधली भुकटी धुऊन खडे ठेवायचे, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे घालायचे, आणि एखाद्या हिश्शाला जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. पाणी ओतलं की ते क्षणात खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. परदेशी ज्वालामुखीचे हलके खडे ऑनलाइन मिळतात आणि ते उत्तम आहेत, पण बसाल्टच्या प्रदेशात राहणाऱ्याने त्यासाठी अडून बसण्याचं कारण नाही.

पाण्याचं मात्र अडतं. पूर्व भागातलं बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं. वर्षभर तेच घातलं की मातीवर पांढरी पापडी धरते, झाडाच्या बुडाशी तपकिरी कडा चढते आणि मुळं काम सोडतात. याच क्षारांमुळे द्राक्षवाल्यांनी डॉगरिजचा खुंट स्वीकारला. कॅक्टसवाल्याकडे त्याहून सोपा उपाय आहे: ज्या पावसापासून झाड वाचवायचं, त्याचंच पाणी पिंपात साठवायचं आणि उन्हाळ्यात पुरवून वापरायचं.

द्राक्षाचा हात, ड्रॅगनफ्रूटचा खुंट

२०२१ च्या जूनमध्ये कडेगाव तालुक्यातल्या तडसर गावचं ड्रॅगनफ्रूट दुबईला निर्यात झालं. कमी पाण्याचं पीक म्हणून ते आता जत, आटपाडी, माणपर्यंत सिमेंटच्या खांबांवर चढलेलं दिसतं. ड्रॅगनफ्रूट हा वेलीसारखा चढणारा कॅक्टसच आहे, आणि गोल कॅक्टसच्या व्यापारातला मोठा भार त्याच्याच तीन धारांच्या फांदीवर उभा आहे. दुकानात हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा चेंडू बसवलेला ‘मून कॅक्टस’ मिळतो, त्यातला दांडा हा.

वरचा चेंडू म्हणजे जिम्नोकॅलिशियमचं रंग बदललेलं रूप. १९४१ मध्ये जपानमध्ये इजी वातानाबे यांना हजारो रोपांत ते सापडलं. त्यात हरितद्रव्य नाही, म्हणून स्वतःचं अन्न करता येत नाही. खुंट पोसेल तोवर ते जगतं. ड्रॅगनफ्रूटचा खुंट वेगाने वाढवतो पण थंडीत आणि ओलीत लवकर खचतो, त्यामुळे असा जोड बहुधा काही वर्षांचाच सोबती असतो. विकणाऱ्याने हे सांगायला हवं. सहसा सांगितलं जात नाही.

या कलमाचा खरा उपयोग वेगळा आहे: बुडातून कुजलेल्या दुर्मीळ गोळ्याचा वरचा भाग वाचवण्यासाठी, किंवा स्वतःच्या मुळांवर रखडणारं रोप भरभर मोठं करण्यासाठी. काम दहा मिनिटांचं आहे. पातं स्पिरिटने पुसायचं. मुळावलेला ड्रॅगनफ्रूटचा तुकडा आडवा, सपाट कापायचा आणि तिन्ही धारांच्या कडा तिरक्या छाटायच्या, कारण काप सुकताना मधला गर खाली बसतो, साल तशीच राहते, आणि मग वरचा गोळा उचलला जातो. कापाच्या मधोमध फिकट कडं दिसतं. झाडाच्या नळ्या तिथे असतात. वरच्या गोळ्याचा तळही तसाच कापायचा आणि त्याचं कडं खालच्या कड्यावर निदान एका बाजूने तरी यायला पाहिजे. नेमकं मध्यावर बसवायच्या नादात लहान कडं मोठ्याच्या आत अधांतरी राहतं आणि कलम फसतं. मग दोन रबरबँड, आठ-दहा दिवस सावली, कापावर पाण्याचा थेंब नाही.

ज्या भागात द्राक्षाचं कलम बांधणाऱ्या टोळ्या दिवसाला कितीतरी खुंट उरकतात, तिथे हे हात नवे नाहीत. काळ तेवढा वेगळा: द्राक्षाचं कलम पावसाळा सरता सरता, कॅक्टसचं फेब्रुवारी ते मे, कोरड्या हवेत. आणि तडसरसारख्या गावात हंगामानंतर छाटून बांधावर टाकलेल्या फांद्या हाच खुंटांचा साठा. आज भारतात कॅक्टसच्या रोपांचा विषय निघाला की कालिम्पोंगच्या नर्सऱ्यांचं नाव पुढे येतं. खुंट, कोरडी हवा आणि कलमाचा हात तिन्ही जवळ असलेल्या या पट्ट्यात एखादी तशी रोपवाटिका उभी राहायला हरकत नाही.

सोनेरी पिंप

हॉटेलांच्या दारात, बंगल्यांच्या दगडी बागेत दिसणारा सोनेरी काट्यांचा मोठा गोळा म्हणजे गोल्डन बॅरल. बर्लिनच्या हिल्डमान यांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन करून मागडेबुर्गचे कारखानदार आणि कॅक्टसप्रेमी हेरमान ग्रुसोन यांचं नाव त्याला दिलं. जगभर त्याची लाखो रोपं बियांपासून होतात. मेक्सिकोतल्या त्याच्या घराची गोष्ट वेगळी आहे. १९९० च्या दशकात झिमापान धरणाचं पाणी चढलं आणि दरीच्या उतारावरची त्याची वस्ती बुडाली. कोयनेच्या शिवसागराखाली गावं गेलेली ठाऊक असणाऱ्या सातारकरांना हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही. बागेत मुबलक असलेली ही जात निसर्गात धोक्यात आहे.

ती एकटी नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत कॅक्टसच्या ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या, आणि कारणांत संग्राहकांची हाव ठळक होती. २०२० मध्ये इटलीच्या पोलिसांनी एका घरावर धाड घातली तेव्हा चिलीच्या वाळवंटातून उपटून आणलेले हजाराच्या वर कॅक्टस सापडले. त्यांत कोपिआपोआ जातीचे, कित्येक दशकं जगलेले गोळे होते. पुढच्या वर्षी त्यांतले शेकडो चिलीला परत पाठवले गेले. जवळजवळ सबंध कॅक्टस कूळ वन्य जीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीत आहे, ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास तर सर्वांत कडक परिशिष्टात. भारतात परदेशातून झाड आणायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखलाही लागतो. समाजमाध्यमावर कोणी अंगावर ओरखडे, एका बाजूने खडबडीत, मुळं तुटलेला जुना गोळा विकायला ठेवला तर तो घेऊ नये. कुंडीत बियांपासून वाढलेलं झाड सगळीकडून सारखं आणि स्वच्छ असतं.

सज्जनगडाच्या कड्यावर

ही हाव दूरच्या देशाचीच बाब नाही. सज्जनगड आणि महाबळेश्वरच्या कड्यांवर, शिवनेरी-पुरंदरच्या बाजूला, एक मांसल झुडूप सापडतं: शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. महाराष्ट्राबाहेर ते कुठेही रानात उगवत नाही. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात नुसते जाड दांडे, आणि तांबूस-जांभळ्या चांदणीसारखं फूल. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी ते १८६० च्या दशकात नोंदवलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. हे फ्रेअर आधी साताऱ्याचे रेसिडेंट होते. छत्रपतींचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं तेव्हा तेच इथे होते. काही शास्त्रज्ञ आता या झाडाला सेरोपेजिया या वंशात घालतात.

जगातल्या अत्यंत संकटग्रस्त झाडांत एकेकाळी त्याची गणना झाली. गंमत अशी की ते छाटापासून सहज लागतं आणि युरोपातल्या संग्राहकांच्या कुंड्यांत कधीचं आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राने ते जपलं, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांच्या पुढाकाराने सेरोपेजियाच्या कितीतरी जाती बागेत वाढवल्या गेल्या. कड्यावरून ते उपटून आणण्यात कसलीही हौस नाही. वाढवलेल्या झाडाचा वीतभर छाट मिळाला तर साताऱ्याच्या गच्चीवर मेक्सिकन गोळ्यांच्या शेजारी त्याला पहिली जागा मिळावी. त्याला पाऊस मानवतो, ही आणखी एक सोय.

बी पेरणारे

कलम झटपट असलं तरी खरे मुरलेले लोक शेवटी बियांकडे वळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री उबदार व्हायला लागल्या की, झाकणाच्या पारदर्शक डब्यात उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेलं बारीक मिश्रण भरायचं, वर बी भुरभुरायचं, झाकण लावायचं आणि उजेडात पण उन्हाआड ठेवायचं. ॲस्ट्रोफायटमचं टोपीच्या आकाराचं मोठं बी काही दिवसांतच उगवतं. मॅमिलारियाचं धुळीसारखं बी जरा वेळ लावतं. पहिल्या वर्षाअखेर रोप वाटाण्याएवढं. जिम्नोकॅलिशियम आणि मॅमिलारिया तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलायला लागतात, गोल्डन बॅरलला वीस वर्षं तरी धरून चालावं.

एका ॲस्ट्रोफायटमवर बी धरत नाही. त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि दोन्ही एकाच दिवशी फुलावी लागतात. म्हणून उन्हाळ्यात सातारा-सांगलीतले संग्राहक एकमेकांना सकाळीच फोटो पाठवतात, कोणाकडे काय उमललं ते विचारतात, आणि कोणी रंगाच्या बारीक ब्रशावर पराग घेऊन दुपारच्या आत दुसऱ्याच्या गच्चीवर पोचतो. बी तयार झालं की निम्मं निम्मं.